तारण: ख्रिस्ती धर्मातील कृपेचा अर्थ

सोसायटीत कर्ज मागायला गेले की पहिला प्रश्न येतो, "तारण काय देता?" जमीन, दागिना, उभे पीक, काहीतरी लिहून दिल्यावाचून पैसा हातात पडत नाही. खेड्यापाड्यांत 'तारण' हा शब्द आपल्या कानांवर येतो तो बहुधा ह्या अर्थाने. परंतु रविवारी सकाळी नगर, जालना, सोलापूर ह्या भागांतल्या एखाद्या चर्चवरून तुम्ही गेलात, तर आतूनही हाच शब्द ऐकू येईल. तेथे त्याचा अर्थ निराळा. बुडत्याला कोणी हात देऊन काठाला आणावे, ते तारण. आणि तो हात देणारा, तो तारणारा.

श्रोतेहो, शब्द एकच, पण दोन्हीकडचा व्यवहार अगदी उलटा आहे. सोसायटीत तारण तुम्ही द्यायचे असते. चर्चमध्ये ते तुम्हाला मिळते, आणि त्याच्या बदल्यात गहाण टाकायला आपल्यापाशी काही नाही हे आधी कबूल करावे लागते. असे काही न देता मिळणे, ह्यालाच ख्रिस्ती लोक 'कृपा' म्हणतात. 'अनुग्रह' असाही शब्द त्यांच्यात चालतो. आज ह्या कल्पनेची थोडी फोड करू. कोणता धर्म खरा नि कोणता खोटा, हा वाद येथे काढायचा नाही. आपल्या शेजारची माणसे काय मानून गुडघे टेकतात, ते नीट समजावे एवढाच हेतू. आणि वर्गात निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणाऱ्या गुरुजींना नि बाईंना त्याचा उपयोग व्हावा.

कृपा समजायची तर आधी पाप समजले पाहिजे. पाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चोरी, खोटी साक्ष, परस्त्रीगमन अशी यादी उभी राहते. ही कृत्ये पापच आहेत, ह्याबद्दल ख्रिस्ती धर्माचे दुमत नाही. पण तो ह्याच्याही खाली जातो. माणूस देवाच्या घरचा, देवाच्या आधाराने जगायचा. त्याने देवाकडे पाठ फिरवली आणि मीच माझा धनी असे म्हटले, हे मूळ पाप, नि चोरी-लबाडी ही त्याच्यावर आलेली फळे, असे तो समजतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढली नाही, जो उपासतापास करतो, दानधर्म करतो, असा सज्जनसुद्धा ह्या हिशेबातून सुटत नाही. पुष्कळांना हे ऐकून राग येतो. तो राग साहजिक आहे. येशूच्या काळातल्या भल्या माणसांनाही तो आला होता.

हा हिशेब केवढा, हे सांगायला मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा एक दाखला आहे. (ख्रिस्ती मंडळी उपदेशाच्या गोष्टीला 'दाखला' म्हणतात, तलाठ्याकडचा दाखला वेगळा बरं का!) एक राजा आपल्या चाकरांचे हिशेब तपासायला बसला. एका चाकराकडे दहा हजार टॅलंट येणे निघाले. टॅलंट हे त्या काळचे मोठे वजनी नाणेमाप. एका टॅलंटचे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर घालून पाहावे. दहा हजार गुणिले सहा हजार, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर हे कर्ज फेडायला त्या गड्याला दोन लाख वर्षे राबावे लागेल, तेही पोटाला एक भाकरी न खाता! आणि हा गडी राजाच्या पाया पडून म्हणतो काय, तर थोडी मुदत द्या, सगळे फेडतो. ऐकणाऱ्यांना हसू आले असेल. राजाने मुदत दिली नाही. त्याने सगळे कर्जच सोडून दिले.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे माणूस देवापुढे त्या चाकरासारखा आहे. 'थोडे पुण्य करतो, मग हिशेब चुकता होईल' हे त्याचे म्हणणे मुदत मागण्यासारखे आहे. कर्ज खोटे असते किंवा पुण्य वाईट असते, असा ह्याचा अर्थ नाही. हात लांब आहे, पण खड्डा त्याहून खोल आहे, असे काहीसे.

आता प्रश्न असा की कर्ज सोडले म्हणजे ते जाते कुठे? कर्जमाफीचा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आहे. माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. सावकाराने वही फाडली तर नुकसान सावकाराच्या अंगावर बसते. सरकारने माफी दिली तर तिजोरीवर बसते. कोणीतरी ते सोसतेच. येशूच्या मरणाचा अर्थ ख्रिस्ती लोक ह्याच वाटेने लावतात. पंतय पिलात नावाचा रोमी सुभेदार यहूदियात असताना, यरुशलेमेच्या वेशीबाहेर, चोर-दरोडेखोरांना देत तशा शिक्षेने येशूला मारण्यात आले. हा इतिहास. ख्रिस्ती श्रद्धा ह्यापुढे एक पाऊल टाकते आणि म्हणते की त्या वधस्तंभावर देवाने माणसाचे देणे आपल्याच अंगावर घेतले. नव्या करारात ह्यासाठी 'खंडणी भरून सोडवणे' अशी भाषा येते. रोमी राज्यात गुलाम विकत मिळत आणि कोणी किंमत भरली तर सुटतही. ऐकणाऱ्यांना बाजारातला तो व्यवहार रोज दिसत होता. किंमत कोणाला पोचली, ती का भरावी लागली, ह्यावर ख्रिस्ती पंडितांनी शेकडो वर्षे ग्रंथ लिहिले आहेत आणि त्यांचे एकमत नाही. सामान्य ख्रिस्ती माणूस इतकेच धरून असतो की देणे फिटले, आणि ते मी फेडले नाही.

मराठी कानाला ही भाषा अगदीच परकी वाटू नये. 'पतितपावन' हे विशेषण आपण विठ्ठलाला लावतो, आणि आपल्या बळावर नव्हे तर देवाच्या दयेवर तरतो ही भावना वारकऱ्याच्या तोंडी नित्य असते. फरक शोधायचा तर तो एवढा, की ख्रिस्ती माणूस ही कृपा इतिहासातल्या एका ठरावीक घटनेशी, एका माणसाच्या एका मरणाशी घट्ट बांधून ठेवतो. तेथून ती सोडवली तर त्याच्या मते काही उरत नाही.

कृपेच्या विरुद्ध मन का उसळते, ते दुसऱ्या एका दाखल्यात छान आले आहे. हा शेतकऱ्यांना विशेष आवडावा. द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटेच बाजारात जाऊन मजूर ठरवतो, एका दिनारावर. नऊच्या सुमारास पुन्हा जातो, आणखी काही गडी आणतो. बाराला, तीनला तसेच. दिवस मावळायला तासभर उरला असता तो पुन्हा बाहेर पडतो तो तेथे काही माणसे नुसती उभीच. का रे उभे? आम्हाला कोणी कामाला लावले नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी मुकादमाला सांगतो, शेवटी आले त्यांच्यापासून मजुरी वाटायला लाग. तासभर राबलेल्यांना पुरा दिनार मिळाला! पहाटेपासून उन्हात भाजलेल्यांना वाटले, आता आपल्याला जास्ती मिळणार. त्यांनाही दिनारच. झाली कुरकुर सुरू.

खरे सांगायचे तर आपण सगळे त्या कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. दुसऱ्या दिवशी त्या धन्याच्या मळ्यात पहाटे कोण गेले असते? रोजंदारीचा हा हिशेब कोणत्याही गावात चालणार नाही. येशूला तो चालवायचाही नव्हता. धनी त्यांना विचारतो की ठरल्याप्रमाणे तुम्हाला दिले ना, मग मी उदार झालो म्हणून तुमच्या डोळ्यांत का खुपावे? ह्या गोष्टीत एक बारीक गोष्ट सहज निसटते. शेवटचे मजूर आळशी नव्हते. दिवसभर उभे राहूनही त्यांना कोणी बोलावले नव्हते. मजूर-अड्ड्यावर म्हातारे, लंगडे, अंगाने किरकोळ असे गडीच मागे उरतात, हे आपण पाहतो. त्यांच्याही घरी तेवढीच पोरे आणि तेवढीच चूल. एक दिनार म्हणजे एका दिवसाचे पोट. धन्याने काम मोजून पैसा दिला नाही, पोट पाहून दिला.

ही कुरकुर उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही आहे. धाकटा बापाच्या हयातीत वाटणी घेऊन परमुलखात जातो, सगळे उडवतो, डुकरे राखायची पाळी येते (यहुद्यांना डुकराचा विटाळ, हे ध्यानात घ्यावे), शेवटी घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो. एवढा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी करडूदेखील दिले नाही, ही त्याची तक्रार. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. माझ्या मते गोष्टीचे सगळे वजन ह्या न सांगण्यात आहे, कारण ऐकायला बसलेली बहुतेक मंडळी थोरलीच होती.

इथवर शिकवण झाली. ती एखाद्याच्या आयुष्यात उतरते म्हणजे काय होते, हे पाहायला लांब जायला नको. पुण्याहून दौंडच्या बाजूला जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी जी संस्था उभी केली, तिचे नाव 'मुक्ती'. आणि त्या संस्थेतल्या एका घराचे नाव 'कृपा सदन'. हे दोन शब्द त्यांनी सहज उचलले नव्हते.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि पत्नीने ते रमेला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की उपवास, तीर्थस्नाने, दाने ह्यांत पापक्षालनासाठी घरातला सर्व पैसा गेला, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून खंगून गेली. भावाबरोबर हजारो मैल पायी चालून त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी त्यांनी जातीबाहेर लग्न केले. पण दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पती पटकीने गेले आणि पदरी लहानगी मनोरमा राहिली. विद्या होती, कीर्ती होती, पण आपल्यासारख्या बाईला देवापुढे जागा कुठे, हा प्रश्न त्यांना छळीत होता. ग्रंथांत बायकांविषयी जे त्यांनी वाचले होते, त्याने हा काटा खोल रुतला होता.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी जोगिणींच्या एका मठात उतरल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. ह्या जोगिणींची एक शाखा लंडनच्या फुलहॅम भागात होती. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना ती आसरा देई. रमाबाईंना ते काम दाखवायला नेले. तेथे त्यांना अशा काही बायका भेटल्या, की ज्या एके काळी त्याच आश्रयगृहात आल्या होत्या आणि आता आपले आयुष्य आजाऱ्यांच्या शुश्रूषेला वाहून राहिल्या होत्या. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांसाठी काही करता येते, करायला हवे, हे त्यांच्या मनात तोवर आलेच नव्हते, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्यांनी एका जोगिणीला विचारले, तुम्ही हे का करता? त्या बाईने सिद्धान्त सांगितला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

तो अध्याय आपल्या गावच्या पाणवठ्यावर घडला असता तरी शोभला असता. येशू प्रवासाने थकून भर दुपारी शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीवर बसला आहे. एक बाई एकटीच पाणी भरायला येते. बायका पाण्याला जातात सकाळी किंवा तिन्हीसांजेला, चौघीजणी मिळून. ही दुपारच्या उन्हात एकटी येते ह्यावरून तिचे गावात काय स्थान असावे ह्याचा अंदाज पुष्कळांनी बांधला आहे. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई दचकते. कारण येशू यहुदी आणि ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला स्पर्श करीत नसत. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही! त्यातून पुरुषाने परक्या बाईशी रस्त्यावर बोलू नये हाही दंडक. पुढे संभाषणात निघते की तिचे पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नव्हे. येशूला हे माहीत होते. माहीत असून त्याने आधी पाणी मागितले. तिचे आयुष्य त्याने लपवू दिले नाही, पण त्यावरून तिला उठवूनही लावले नाही. उलट देवाची खरी उपासना कोणत्या डोंगरावर, ह्या मोठ्या प्रश्नावर तो तिच्याशी बोलला, जसे एखाद्या शास्त्र्याशी बोलावे. ती घागर तेथेच टाकून गावात गेली आणि लोकांना बोलावून घेऊन आली.

हा अध्याय ऐकून रमाबाईंचे मन हलले. आपल्या शोधातला धागा येथे सापडतो असे त्यांना वाटले. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, ह्यांच्या लिखाणाने बुद्धीच्या शंका फिटल्या, आणि १८८३ च्या सप्टेंबरात मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते वेगळे सांगायला नको.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, ख्रिस्त मिळाला नाही. धर्मातले नियम चांगले, सेवा चांगली, प्रार्थना चालू. तरी आतून ओझे तसेच. पुढे लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की पूर्वीच्या व्रतांच्या जागी आपण नवी व्रते बसवली होती. देवाने मला घ्यावे म्हणून मी काहीतरी केले पाहिजे, हा जुना हिशेब नव्या चोपडीत उतरला होता. तो हिशेबच मिटवावा लागतो हे त्यांना तेव्हा कळले. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसालाही हे तितकेच अवघड जाते, असे धर्मोपदेशक कबूल करतात.

युरोपात ह्याच गाठीवरून मोठी उलथापालथ झाली होती. जर्मनीतला मार्टिन ल्यूथर १५०५ साली मठात गेला, उपास केले, तासन्‌तास पापकबुली दिली, पण आपण देवाला पुरे पडत नाही ही धास्ती जाईना. पौलाचे रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगले की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते विश्वासावरून, कमाईवरून नव्हे. १५१७ साली पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांची विक्री चालू असल्याचे पाहून त्याने तिच्याविरुद्ध ९५ कलमे लिहिली आणि पुढे चर्च दुभंगले. कॅथलिक पक्षाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ साली आपली बाजू मांडली: आरंभ कृपेचाच, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरी ल्यूथरच्या परंपरेतील चर्चेस आणि कॅथलिक चर्च ह्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, आणि तारण केवळ कृपेने, ह्या मुद्द्यावर आपले मूलभूत एकमत असल्याचे जाहीर केले. दोन्ही घरांत काही फरक अजून राहिले आहेत.

आता एक आक्षेप, जो श्रोत्यांच्या मनात केव्हाचा आला असेल. सगळे फुकटच माफ होणार असेल तर माणूस वाटेल तसे वागेल! पेरावे तसे उगवते, हा नियम मोडला तर जगात धर्म राहील कसा? आक्षेप जुना आहे. पौलाने स्वतःच तो आपल्या पत्रात काढून त्याचा निषेध केला आहे. त्याचे उत्तर दोन गोष्टींत सापडते. येशूबरोबर वधस्तंभावर टांगलेल्या दोन अपराध्यांपैकी एकाने शेवटच्या घटकेला आपली चूक कबूल केली आणि आपली आठवण ठेव अशी विनवणी केली. येशूने त्याला आजच माझ्याबरोबर असशील असे आश्वासन दिले. पण त्याला वधस्तंभावरून खाली उतरवले मात्र नाही. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्याने भोगली. म्हणजे कृपा झाली म्हणून पेरलेले उगवायचे थांबते असे नाही. दारूने पोखरलेले यकृत क्षमा मिळाली म्हणून लगेच बरे होत नाही, आणि बुडवलेले शेत परत येत नाही.

दुसरी गोष्ट जक्कयाची. हा यरीहो गावचा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. बुटका, म्हणून येशूला पाहायला उंबराच्या जातीच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहून सांगितले, खाली ये, मी आज तुझ्या घरी उतरणार आहे. गावाने नाके मुरडली. जक्कयाने मात्र उभे राहून जाहीर केले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवले त्याला चौपट भरून देतो. क्रम पाहण्यासारखा आहे. येशूने आधी पैसे परत कर, मग येतो, असे म्हटले नाही. आधी घरी आला, चौपट त्यानंतर. ख्रिस्ती विचारात चांगल्या कृत्यांची जागा ही अशी मागाहूनची आहे, पण आहे निश्चित. ज्या चाकराचे सहा कोटी दिनार सुटले होते, त्याने बाहेर पडताच सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरला, तेव्हा राजाने त्याला आत घातले, हाही त्या दाखल्याचाच शेवट आहे.

रमाबाईंच्या आयुष्यात ते 'मागाहूनचे' केडगावच्या माळावर दिसले. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले होते, ते पुढे पुण्यास आले. १८९३ च्या सुमारास तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते अशी ओरड झाली. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ह्या टीकेतला एक मुद्दा कृपेच्या तत्त्वावरूनच विचारात घ्यावा असा आहे. भुकेल्याच्या पुढे धान्याच्या मापाबरोबर धर्म मोजून टाकला, तर ती कृपा राहत नाही, सौदा होतो. हा वाद रमाबाईंच्या हयातीत पुरता मिटला नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या आणि दलाल त्यांना पळवीत होते, त्या वेळी तेथे जाऊन शेकडो मुलींना गाडीत घालून आणणारी बाई हीच होती, हेही तितकेच खरे. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईला ते दृश्य नवे नव्हते.

केडगावास जमीन घेऊन, विहिरी खणून, फळझाडे लावून 'मुक्ती' वसली. विणकाम, छापखाना, शेती, दूधदुभते असे उद्योग मुलींच्या हाती आले. आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन निघाले. बोटांनी वाचायची लिपी त्यांना शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. आणि ज्यांना माहेरही नव्हते नि सासरही नव्हते, ज्यांचे नाव घ्यायला गाव कचरत होते, त्या बायकांसाठी वेगळे घर बांधले, ते कृपा सदन. फुलहॅमला जे पाहून रमाबाई थबकल्या होत्या, ते आता मराठी मुलखात उभे होते. त्या काळी विधवांसाठी आश्रम काढायला काही सुधारक पुढे आले होते. पण अशा बायकांना सन्मानाने दार उघडायला कोणी सहसा धजत नव्हते. निष्पाप विधवेची दया येणे सोपे आहे. जी निष्पाप नाही, तिचे काय?

आयुष्याच्या अखेरच्या काळात रमाबाईंनी आणखी एक काम हाती धरले. बायबलाचे त्या वेळचे मराठी भाषांतर खेडवळ, कमी शिकलेल्या बायकांना जड जाते असे त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. १९२१ साली मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर पडले. केडगावची संस्था आजही चालू आहे.